एकच कार्ड मशीन, पण प्रत्येक देशाचे कार्ड वेगळे का वागते?

फोर्टकर_दुकानदार (धागाकर्ते)

काळा घोड्याजवळ आमचे पितळी वस्तूंचे आणि हातमागाच्या कापडाचे दुकान आहे. वडिलांच्या काळात गल्ल्याशेजारी लोखंडी खटक्याचे यंत्र असे. कार्डावरचे उठावाचे आकडे कार्बनच्या प्रतींवर उमटवायचे, रक्कम मोठी असेल तर बँकेला फोन करून मंजुरीचा क्रमांक घ्यायचा आणि चोरीच्या कार्डांची जी छापील यादी बँक पाठवत असे तिच्यात हे कार्ड नाही ना, हे बोट फिरवून तपासायचे, अशी रीत होती. आज त्या जागी तळहाताएवढे यंत्र आहे आणि मंजुरी दोन-तीन सेकंदांत येते. तरीही बॅलार्ड पियरला पर्यटकांचे जहाज लागले की एका दुपारी पाच-सहा देशांची कार्डे त्याच यंत्रातून जातात आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी असते. अमेरिकन कार्ड बहुतेक वेळा पिन न मागता सहीची रेघ असलेली पावती छापते. डच ग्राहक यंत्र पुढे करण्याआधीच पिनसाठी हात पुढे करतो. मागच्या हंगामात एका जर्मन बाईंचे कार्ड यंत्राने ओळखलेच नाही. खात्यात पैसे आहेत असे त्या परोपरीने सांगत होत्या आणि ते खरेही असणार, पण विक्री झाली नाही.

हा धागा काढण्याचे खरे कारण मात्र वेगळे आहे. गेल्या वर्षी आमच्या संकेतस्थळावर अमेरिकेतल्या पत्त्यासाठी दोन मोठ्या समयांची मागणी आली. रक्कम ३८,५०० रुपये होती. कार्डाला मंजुरी मिळाली, पैसे खात्यात आले, आम्ही समया गवताच्या पेटीत बांधून पाठवल्या. सात आठवड्यांनी पैसे जमा करून देणाऱ्या कंपनीचे पत्र आले की मूळ कार्डधारकाने हा व्यवहार आपला नसल्याचे कळवले आहे, म्हणून पूर्ण रक्कम आणि वर तक्रारीचे शुल्क आमच्या खात्यातून वळते केले आहे. कुरियरची पोच पावती पाठवली, तिचा उपयोग झाला नाही. आपल्याकडे ५०० रुपयांच्या ऑनलाइन खरेदीलाही ओटीपी लागतो. मग ३८,५०० रुपयांचा व्यवहार ओटीपीशिवाय मंजूर कसा झाला आणि मंजुरी बँकेने दिलेली असताना नुकसान माझ्या माथी कसे आले? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

मुलुंडचा_निवृत्त_बँककर्मी

आपले नुकसान वाचून वाईट वाटले. मी एका बँकेच्या कार्ड विभागात तेवीस वर्षे काम केले आणि त्यातली बरीचशी अशाच तक्रारींच्या फायली हाताळण्यात गेली. आपल्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एका ठिकाणी मिळते. फसवणूक झाली तर पैसे कोणी सोसायचे आणि व्यवहाराचे शुल्क कोणी भरायचे, हे प्रत्येक देशाने आपापल्या परीने ठरवले आहे. काउंटरवर पिन, सही किंवा ओटीपी यांतले काय मागितले जाते, ते त्या निर्णयामागून आलेले असते.

रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी सक्तीची केली. आधी पासवर्ड होता, पुढे ओटीपी आला. ही सक्ती भारतात दिलेल्या कार्डांसाठी होती. आपल्या संकेतस्थळावर अमेरिकन बँकेचे कार्ड वापरले गेले, त्यामुळे पडताळणी करायची की नाही हा प्रश्न तिकडची बँक आणि आपली पैसे स्वीकारणारी कंपनी यांच्या मर्जीवर राहिला. व्हिसा, मास्टरकार्ड यांसारख्या कार्ड जाळ्यांचा सर्वसाधारण नियम असा आहे की ऑनलाइन व्यवहारात कार्डधारकाची पडताळणी झालेली असेल, तर फसवणुकीचा बोजा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो आणि झालेली नसेल, तर तो दुकानदाराकडे येतो. मंजुरीचा अर्थ त्या क्षणी कार्ड चालू आहे आणि खात्यात तेवढी ऐपत आहे एवढाच असतो. कार्ड ज्याच्या हातात आहे तोच त्याचा मालक आहे, याची हमी मंजुरीत नसते. कुरियरची पावती उपयोगी पडली नाही ती याचसाठी, कारण माल पोहोचला की नाही हा वादाचा मुद्दाच नव्हता.

अमेरिकेत असे का चालते, तर १९७०च्या तिथल्या कायद्याने क्रेडिट कार्डाच्या अनधिकृत वापरात ग्राहकाची जबाबदारी ५० डॉलरपुरती मर्यादित केली आणि बहुतेक बँका तेवढेही घेत नाहीत. ग्राहक निर्धास्त असल्याने त्याला प्रत्येक वेळी अडवावे, असे कोणाला वाटले नाही. त्याऐवजी पत्त्यातले आकडे आणि टपालाचा पिन कोड बँकेच्या नोंदीशी जुळतात का, एवढे पाहण्याची पद्धत तिथे रुळली. चिपच्या बाबतीतही तेच झाले. युरोपात चिप कित्येक वर्षे वापरात असताना अमेरिकेत ती ऑक्टोबर २०१५नंतर सर्रास दिसू लागली, कारण त्या महिन्यापासून नियम बदलला: चिपचे कार्ड असूनही दुकानात नुसती मागची चुंबकीय पट्टी घासून घेतली आणि ते कार्ड बनावट निघाले, तर नुकसान दुकानाकडच्या बाजूचे. सहीची सक्ती तर मोठ्या कार्ड जाळ्यांनी एप्रिल २०१८मध्ये काढूनच टाकली. आपल्याकडे छापली जाणारी ती सहीची रेघ जुन्या पद्धतीची उरलेली खूण आहे.

म्युनिकमधली_गोरेगावकर

धागाकर्त्यांच्या दुकानातल्या त्या जर्मन बाईंकडे बहुधा गिरोकार्ड असावे. हे इथल्या बँकांचे देशांतर्गत डेबिट कार्ड आहे. त्यावर पूर्वी माएस्ट्रो या मास्टरकार्डच्या डेबिट जाळ्याचे चिन्ह असे, त्यामुळे ते परदेशातही चालत असे. काही बँका मात्र त्यावर व्हिसाचे व्ही पे देत असत आणि ते युरोपापुरतेच होते. जुलै २०२३पासून माएस्ट्रोची नवी कार्डे बंद झाली. ज्यांच्या कार्डावर दुसऱ्या आंतरराष्ट्रीय जाळ्याचे चिन्ह नाही, त्यांचे कार्ड मुंबईत ओळखले जाणार नाही. त्या बाई खरेच बोलत होत्या.

इथे आल्यावर मला ज्या गोष्टीचे सर्वांत नवल वाटले ती सांगते. पहिल्या महिन्यात किराणा घेतला, कार्ड यंत्रात घातले आणि पिनसाठी बोट उचलले, तर यंत्राने पिन मागितलाच नाही. लांब पावती छापली गेली, काउंटरवरच्या बाईंनी ती उलटी करून पेन हातात दिले आणि मागे सही करायला सांगितले. तिथे बारीक अक्षरात एक परिच्छेद होता. घरी येऊन शब्दकोश घेऊन वाचला, तेव्हा कळले की मी त्या दुकानाला माझ्या बँक खात्यातून परस्पर पैसे काढून घेण्याची लेखी परवानगी दिली होती. म्हणजे तो कार्ड व्यवहार नव्हताच. कार्डाचा उपयोग फक्त खाते क्रमांक वाचण्यापुरता झाला होता. त्यात दुकानदाराला शुल्क कमी पडते, पण खात्यात पैसे नसले तर बँक हमी घेत नाही. तेच कार्ड पिनसह वापरले तर बँक हमी देते आणि त्याचा मोबदला घेते. मुलुंडच्या काकांनी सांगितलेला मुद्दा इथे एकाच काउंटरवर दिसतो: शुल्क वाचवायचे की हमी विकत घ्यायची, हे दुकानदार ठरवतो आणि पिन की सही, हे ग्राहकाला त्यावरून कळते.

छोट्या बेकरीत ‘फक्त रोख’ किंवा ‘१० युरोंपुढे कार्ड’ अशी पाटी अजूनही दिसते. शेजारच्या नेदरलँड्समध्ये याच्या अगदी उलट आहे. तिथे कार्डाने पैसे देण्याला ‘पिन करणे’ असेच क्रियापद आहे, पण हे पिन करणे डेबिट कार्डाचे. आपल्या भारतीय क्रेडिट कार्डाला तिथल्या सुपरमार्केटांनी अनेक वर्षे सरळ नकार दिला, कारण क्रेडिट कार्डाचे शुल्क त्यांना मान्य नव्हते.

दादरचा_सहलसंयोजक

मी ज्येष्ठ नागरिकांच्या परदेश सहली नेतो. दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवली इथली मंडळी असतात. कार्डाच्या बाबतीत माझ्याकडे येणारे प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अमेरिकेतल्या हॉटेलात वेटर कार्ड घेऊन आत निघून जातो. आपल्या माणसाला कार्ड नजरेआड होऊ न देण्याची इतकी सवय झालेली असते की सहलीतले एक आजोबा वेटरच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले होते आणि त्यांची काळजी रास्त होती. वेटर दोन प्रती घेऊन परततो. त्यावर ‘टिप’ आणि ‘एकूण’ अशा दोन रिकाम्या रेघा असतात, त्या आपण पेनाने भरून सही करायची. मंजुरी आधीच ८४ डॉलरची घेतलेली असते आणि टिप धरून प्रत्यक्षात ९९ डॉलर लागतात, त्यामुळे मोबाइलवरचा संदेश आणि महिन्याचे विवरण यांत फरक पडतो. परतल्यावर फसवणूक झाली म्हणून फोन येतात. ती फसवणूक नसते, पण आपली प्रत जपून ठेवली नसेल तर ते सिद्ध करायलाही काही हातात राहत नाही.

पेट्रोल पंपावर यंत्र टपालाचा पाच आकडी पिन कोड मागते. आपल्या कार्डाला तो नसतो, मग आत काउंटरवर जाऊन पंपाचा क्रमांक सांगायचा आणि आगाऊ रक्कम मंजूर करून घ्यायची. जपानमध्ये काउंटरवर ‘एकदाच भरणार ना?’ असे विचारतात, कारण तिथल्या कार्डांवर हप्ते किंवा बोनसच्या महिन्यात एकरकमी भरणे, असे पर्याय असतात. आपण होकार द्यायचा. मात्र अनेक लहान उपाहारगृहांत दाराशीच कूपनाचे यंत्र असते आणि ते फक्त रोख येन घेते, म्हणून मी मंडळींना खिशात नाणी ठेवायला सांगतो.

सर्वांत जास्त पैसे जातात ते यंत्रावरच्या एका प्रश्नामुळे. परदेशात कार्ड घातले की पडद्यावर ‘रुपयांत भरणार की स्थानिक चलनात?’ असे विचारले जाते. रुपयांचा आकडा ओळखीचा वाटतो, म्हणून मंडळी तो निवडतात. त्या दरात तिथली कंपनी आपला नफा मिळवते आणि आपल्याकडच्या काही बँका त्यावर वेगळे शुल्कही लावतात. स्थानिक चलन निवडले, तर आपली बँक परकीय चलनाचे शुल्क घेते, जे बऱ्याच कार्डांवर ३.५ टक्के आणि त्यावर जीएसटी असे असते, पण ते आधी छापील माहीत असते. निवड नेहमी स्थानिक चलनाची करावी, असे मी विमानात बसण्यापूर्वीच सर्वांना लिहून देतो.

लालबागचा_फरसाणवाला

एक शंका आहे. आमच्याकडे दिवसभरात आठ-दहा कार्डे येतात, बाकी सगळे यूपीआय. शुल्क शून्य, पैसे लगेच. मग कार्डाच्या या सगळ्या भानगडीत लहान दुकानदाराने पडावेच कशाला?

मुलुंडचा_निवृत्त_बँककर्मी

आपल्या दुकानापुरते आपले म्हणणे बरोबर आहे. १ जानेवारी २०२०पासून रूपे डेबिट कार्ड आणि यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेण्यास मनाई आहे. इतर डेबिट कार्डांना २०१८पासून कमाल मर्यादा आहे: वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर कार्ड मशीनवर ०.४० टक्के आणि त्याहून अधिक असेल तर ०.९० टक्के. क्रेडिट कार्डाला अशी सरकारी मर्यादा नाही आणि परदेशी कार्डावर तर दर आणखी चढा असतो. फोर्टमधल्या दुकानाचा हंगाम त्याच परदेशी कार्डांवर उभा आहे. २०२३मध्ये परदेशी पाहुण्यांसाठी यूपीआयचे वॉलेट निघाले खरे, पण जहाजातून सहा तासांसाठी उतरलेला माणूस कागदपत्रे दाखवून वॉलेट उघडेल, असे मला वाटत नाही.

युरोपीय संघाने २०१५मध्ये वेगळा मार्ग घेतला. कार्ड देणाऱ्या बँकेला दुकानदाराच्या बँकेकडून जो वाटा मिळतो, त्यावर डेबिटला ०.२ आणि क्रेडिटला ०.३ टक्के अशी मर्यादा घातली. दुकानदाराचे शुल्क त्यामुळे उतरले आणि मग २०१८च्या जानेवारीत ग्राहकांच्या सर्वसाधारण कार्डांवर अधिभार लावायला बंदी घालता आली. अमेरिकेने २०११मध्ये मोठ्या बँकांच्या डेबिट कार्डांवर २१ सेंट अधिक ०.०५ टक्के अशी मर्यादा आणली, पण क्रेडिट कार्डांना हात लावला नाही. तिथल्या कार्डांवर मिळणारी घसघशीत बक्षिसे त्या चढ्या शुल्कातून येतात आणि शेवटी मालाच्या किमतीत मिसळतात. रोख पैसे देणारा ग्राहकही ती किंमत भरतो, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

पार्लेकर_गृहिणी

अधिभाराचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. दिवाळीत एका दुकानातून मिक्सर आणि ओव्हन घेतला. बिल झाल्यावर ‘क्रेडिट कार्ड असेल तर दोन टक्के जास्त पडतील’ असे सांगण्यात आले. पावतीवर त्या दोन टक्क्यांचा उल्लेख नव्हता, किंमतच वाढवून लिहिली होती. हे नियमात बसते का?

मुलुंडचा_निवृत्त_बँककर्मी

बसत नाही. दुकानदाराने स्वतःचे शुल्क ग्राहकाकडून वसूल करू नये, अशी आपल्याकडची भूमिका आहे आणि दुकानदार बँकेशी जो करार करतो त्यातही हे लिहिलेले असते. आपण दुकानाच्या यंत्रावर ज्या बँकेचे नाव आहे तिच्याकडे, पावतीच्या प्रतीसह लेखी तक्रार करू शकता. ऑस्ट्रेलियात मात्र अधिभार लावणे कायदेशीर ठरवले गेले आणि मग २०१६पासून तो प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त नसावा, असे बंधन आले. ग्राहकाला शुल्क दिसले पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

ऐरोलीचा_अभियंता

मी पैसे स्वीकारण्याच्या प्रणालींवर काम करतो आणि कामानिमित्त काही महिने साओ पावलोला होतो. ब्राझीलची पद्धत या चर्चेत यायला हवी, कारण तिथे दुकानदाराला पैसे कधी मिळतात हेच निराळे आहे. शहाळे विकणाऱ्याकडेही छोटे यंत्र असते. तो पहिला प्रश्न विचारतो: क्रेडिट की डेबिट? क्रेडिट म्हटले आणि रक्कम मोठी असली की दुसरा प्रश्न येतो: किती हप्त्यांत? बिनव्याजी दहा हप्ते ही तिथे नित्याची गोष्ट आहे. पण आपल्याकडे ईएमआय केला तर बँक दुकानदाराला पूर्ण रक्कम देऊन मोकळी होते आणि ग्राहक बँकेचा देणेकरी होतो. तिथे दुकानदारालाही पैसे हप्त्यांनीच मिळतात, एकरकमी क्रेडिट व्यवहाराचे पैसेसुद्धा साधारण ३० दिवसांनी हातात येतात आणि आधी हवे असतील तर त्यासाठी कसर द्यावी लागते. मी ज्या चपलांच्या दुकानात नेहमी जात असे, तिथल्या मालकाच्या वहीत पुढच्या आठ महिन्यांचे येणे पेन्सिलीने मांडलेले होते. नोव्हेंबर २०२०मध्ये पिक्स ही तत्काळ पैसे पाठवण्याची सोय आली आणि दुकानदारांनी ती इतक्या लवकर का उचलली, हे त्या वहीकडे पाहिले की समजते.

आता धागाकर्त्यांसाठी कामाचे सांगतो. युरोपात २०१९च्या सप्टेंबरपासून कायद्याने ऑनलाइन व्यवहारांना दुहेरी पडताळणी आली, म्हणून युरोपीय कार्डे पडताळणीला सरावलेली आहेत. अमेरिकन कार्डांसाठी आपण आपल्या पैसे स्वीकारणाऱ्या कंपनीकडे ठरावीक रकमेपुढे पडताळणी सक्तीची करण्याची मागणी करू शकता. काही ग्राहक त्या पडद्यावरून परत फिरतील, हे गृहीत धरा. बिलाचा पत्ता आणि माल पाठवण्याचा पत्ता वेगळा असेल, तर माल पाठवण्यापूर्वी ग्राहकाशी बोला. आपल्या भारतीय कार्डधारकांनीही याची दुसरी बाजू ध्यानात घ्यावी: आपले कार्ड परदेशी संकेतस्थळावर बहुधा ओटीपीशिवाय चालते. २०२०पासून नव्या कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन वापर बंदच असतो आणि तो आपण ॲपमधून चालू करतो. काम झाले की तो पुन्हा बंद करावा.

दादरचा_सहलसंयोजक

अभियंत्यांच्या शेवटच्या सूचनेला जोड देतो. तरीही कार्डाचा गैरवापर झालाच, तर बँकेला तीन कामाच्या दिवसांच्या आत कळवावे. चूक आपली किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणाची असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार आपली जबाबदारी शून्य राहते. सहलीत असताना ‘मुंबईला गेल्यावर पाहू’ म्हणून थांबू नये.

फोर्टकर_दुकानदार (धागाकर्ते)

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवडे उशिरा उत्तर देतो आहे, कारण सांगितलेल्या गोष्टी आधी करून पाहायच्या होत्या. परदेशी कार्डांसाठी १०,००० रुपयांपुढे पडताळणी सक्तीची करून घेतली. त्यानंतर चार व्यवहार अर्धवट सुटले. त्यातल्या एका बाईंनी ईमेल करून दुसरे कार्ड वापरले, बाकी तिघे परत आले नाहीत. त्या तिघांत खरे ग्राहक किती होते हे कळायला मार्ग नाही आणि तो विचार मनातून जात नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. दादरच्या सहलसंयोजकांनी लिहिलेला चलनाचा प्रश्न आमच्याही यंत्रावर येत होता. परदेशी कार्ड घातले की डॉलर की रुपये असे विचारले जाई, आणि आमचा मुलगा ग्राहकाच्या सोयीसाठी म्हणून स्वतःच डॉलरचे बटण दाबत असे. महिन्याच्या हिशेबात त्याचा थोडा वाटा आम्हाला मिळत होता, तो कशाचा आहे हे मी आजवर विचारले नव्हते. बँकेला पत्र लिहून ती सोय काढून टाकायला सांगितले. अकरा दिवस लागले, पण काढली. आता पडद्यावर फक्त रुपयांचा आकडा येतो.

अमेरिकन ग्राहकांच्या सहीच्या पावत्या मी एका डब्यात ठेवतो. त्या किती दिवस ठेवाव्यात?

मुलुंडचा_निवृत्त_बँककर्मी

कार्डधारकाला तक्रार करायला साधारणपणे १२० दिवस मिळतात आणि पुढे कागदपत्रे मागवण्यात आणखी काळ जातो, म्हणून वर्षभर तरी ठेवाव्यात. मात्र डब्यात तशाच ठेवू नका. तो उष्णतेने छापणारा कागद असतो आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्यावरची अक्षरे दोन-तीन महिन्यांत फिकी पडतात. मी असे कोरे कागद पुरावा म्हणून आलेले पाहिले आहेत. दर शनिवारी गल्ला मोजताना त्यांची झेरॉक्स काढून तारखेप्रमाणे फाइलला लावा.